जुन्या पोलादी सायकल-फ्रेमची ओळख आणि जतन : इटालियन शर्यती फ्रेमची परंपरा व महाड-पोलादपूर परिसराचा संदर्भ

सारांश

विसाव्या शतकात इटलीत तयार झालेल्या पोलादी शर्यती सायकलींच्या फ्रेम आज जगभर संग्राह्य वस्तू मानल्या जातात. अशा फ्रेमवरील रंग आणि चिकटचित्रे सहज बदलता येत असल्याने त्यांची खरी ओळख पटविणे हे स्वतंत्र अभ्यासाचे काम आहे. प्रस्तुत लेखात नळ्यांची मापे, आट्यांची जात, धातूवरील ठसे, जोडकाम आणि सुट्या भागांवरील वर्षखुणा या पुराव्यांचा क्रमाने परिचय करून दिला आहे. प्रत्येक पुरावा काय सिद्ध करतो आणि काय सिद्ध करू शकत नाही, हेही स्पष्ट केले आहे. लेखाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील सायकल-संग्रहाचा संदर्भ आणि महाड व पोलादपूर या तालुक्यांतील पाऊस, पूर व भंगार-व्यवहार यांमुळे जुन्या सायकलींसमोर उभा राहिलेला प्रश्न मांडला आहे. त्यावर महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोग्या नोंदणीची रूपरेषाही सुचविली आहे.

बीजसंज्ञा : पोलादी फ्रेम, लग-जोडणी, कोलंबस नळ्या, काम्पान्योलो, आटे, वस्तुसंस्कृती, जतन, महाड, पोलादपूर.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना ताम्रपट, नाणी, शिलालेख, बखरी आणि दप्तरे यांची नावे प्रथम समोर येतात. सामान्य माणसाच्या हातातून रोज गेलेल्या यंत्रवस्तूंकडे त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. सायकल ही अशीच एक वस्तू आहे. शाळा, टपाल, दूध, वर्तमानपत्र आणि बाजार यांसाठी तालुक्याच्या गावांनी अनेक दशके सायकल वापरली. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने ही छोट्या शहरांची ओळख होती. दुचाकी वाहने सर्वदूर पोहोचल्यानंतर या सायकली परसात, माळ्यावर आणि अखेर भंगारात गेल्या.

एखादी वस्तू टाकाऊ ठरण्याचा काळ आणि तीच वस्तू दुर्मीळ ठरण्याचा काळ यांत बहुधा एका पिढीचे अंतर असते. या मधल्या काळात ती ओळखणारा कोणी नसेल तर वस्तू कायमची नाहीशी होते. युरोपात आणि विशेषतः इटलीत जुन्या शर्यती सायकलींच्या बाबतीत ही ओळख वेळीच झाली. तेथे विकसित झालेली परीक्षणपद्धती अन्यत्रही उपयोगी पडणारी आहे. म्हणून प्रथम इटालियन फ्रेमचा परिचय आणि नंतर स्थानिक संदर्भ असा क्रम येथे स्वीकारला आहे.

२. फ्रेमची रचना

सायकलचा मूळ सांगाडा म्हणजे फ्रेम. तिचा पुढील भाग चार नळ्यांचा बनतो : आडवी नळी, खाली तिरकी उतरणारी नळी, सीटची उभी नळी आणि हँडलच्या दांड्याची आखूड नळी. मागील चाक धरणाऱ्या बारीक नळ्यांच्या दोन जोड्या सीटकडून व पायडलच्या धुऱ्याकडून निघून मागील पट्ट्यांना मिळतात. या पट्ट्यांच्या खाचेत चाकाचा आस बसतो. पुढील चाक धरणाऱ्या भागास कारागीर चिमटा म्हणतात. पायडलचा धुरा ज्या आडव्या पोकळ नळकांड्यात फिरतो त्यास बोलीत बीबीचे नळकांडे असे नाव आहे.

जुन्या पोलादी फ्रेममध्ये या नळ्या एकमेकींना थेट जोडलेल्या नसतात. त्या लग नावाच्या पोलादी कोपऱ्यांत बसवितात आणि पितळ किंवा चांदीयुक्त मिश्रधातू वितळवून फटीत उतरवितात. या जोडकामास ब्रेझिंग म्हणतात. यात नळीचे पोलाद वितळत नाही, वितळतो तो फक्त मधला धातू. त्यामुळे पातळ नळीची ताकद बऱ्याच अंशी टिकून राहते आणि एखादी नळी वाकल्यास ती काढून नवी बसविता येते. पोलादी फ्रेम दीर्घायुषी होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

शर्यती फ्रेमचे वैशिष्ट्य नळीच्या भिंतीत असते. जोडणीजवळ ताण आणि उष्णता दोन्ही अधिक असल्याने तेथे भिंत जाड लागते, तर मधल्या भागात पातळ भिंत पुरते. म्हणून उत्तम प्रतीच्या नळ्या बाहेरून सरळ दिसल्या तरी आतून टोकांशी जाड आणि मध्ये पातळ असतात. बर्मिंगहॅम येथील रेनॉल्ड्स या संस्थेने १९३५ मध्ये आणलेली ५३१ ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी आणि मिलानच्या कोलंबो घराण्याच्या कोलंबस नळ्या ही या तंत्राची दोन ठळक उदाहरणे होत. कोलंबसच्या एस.एल. या प्रकारात मुख्य नळ्यांची भिंत टोकांशी ०.९ व मध्ये ०.६ मिलिमीटर असे, तर अधिक वजनदार स्वारांसाठी आणि मोठ्या फ्रेमसाठी असलेल्या एस.पी. या प्रकारात ती अनुक्रमे १.० व ०.७ मिलिमीटर असे. पोस्टकार्डाच्या काही थरांएवढ्या जाडीच्या या पोलादावर स्वाराचा सारा भार पेलला जाई.

३. इटालियन परंपरा

एदोआर्दो बियांकी यांनी १८८५ मध्ये मिलान येथे आपली कार्यशाळा सुरू केली. तेव्हापासून उत्तर इटलीत, विशेषतः लोम्बार्दी आणि व्हेनेतो या प्रांतांत, सायकल-निर्मितीची दाट वस्ती तयार झाली. यातील अनेक कार्यशाळा लहान होत्या. मुख्य कारागीर बहुधा स्वतः पूर्वाश्रमीचा स्वार किंवा शर्यतीतील यंत्रकामगार असे. चिनो चिनेल्ली हे व्यावसायिक स्वार होते आणि त्यांनी १९४८ च्या सुमारास मिलानमध्ये व्यवसाय उभारला. फालिएरो मासी यांची कार्यशाळा मिलानच्या विगोरेल्ली या सायकल-धावपट्टीला लागून होती. उगो दे रोसा यांनी १९५३ मध्ये, तर एर्नेस्तो कोल्नागो यांनी त्याच सुमारास काम्बियागो या गावी आपले काम सुरू केले.

व्हिचेंझा येथील तुल्लिओ काम्पान्योलो यांनी १९३३ मध्ये स्थापन केलेली संस्था फ्रेम बनवीत नसे. ती चाकांचे हब, गिअर बदलणारी यंत्रणा, क्रँक आणि फ्रेमच्या मागील पट्ट्या यांसारखे भाग बनवी. कित्येक नामांकित कारागीर आपल्या फ्रेममध्ये याच पट्ट्या बसवीत. त्यामुळे मागील पट्टीवरील काम्पान्योलो हे नाव वाचून सारी सायकलच काम्पान्योलोची आहे असा समज अनेकांचा होतो. तो चुकीचा आहे. त्याचप्रमाणे कबुतराचे चित्र असलेले कोलंबसचे चिकटचित्र नळी कोणाची हे सांगते, फ्रेम कोणी जोडली हे सांगत नाही.

यास्तव जुन्या फ्रेमबाबत चार प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. नळी कोणाची आहे? सुटे भाग कोणाचे आहेत? जोडकाम कोणी केले? आणि फ्रेमवर नाव कोणाचे रंगविले आहे? या चारही प्रश्नांची उत्तरे भिन्न असू शकतात. बेल्जियमचे एडी मेर्क्स १९७० च्या दशकात ज्या सायकलींवर स्वार होत, त्यांवर त्यांचे स्वतःचे किंवा संघाचे नाव असले तरी त्यांच्या फ्रेम कोल्नागो आणि दे रोसा यांच्या कार्यशाळांत घडल्या होत्या. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटी येथे मेर्क्स यांनी एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. ती सायकल कोल्नागो यांनी तयार केली होती.

४. ओळखीची साधने

फ्रेम ओळखण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. व्हर्नियर कॅलिपर, आटे मोजण्याची पट्टी, चुंबक, वजनकाटा, आरसा व विजेरी एवढी सामग्री पुरते. ती बहुतेक महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागात उपलब्ध असते. परीक्षणाचा क्रम मात्र पाळणे आवश्यक आहे. ज्यात बदल करणे सर्वांत अवघड, तो पुरावा प्रथम तपासावा आणि ज्यात बदल करणे सर्वांत सोपे, तो शेवटी. चुंबक पहिल्याच मिनिटास पोलाद आणि ॲल्युमिनियम यांतील भेद सांगतो. पुढील काम मापांचे आहे.

४.१ नळ्यांची मापे

इटालियन आणि इंग्रजी परंपरेच्या शर्यती फ्रेममध्ये सीटची नळी व तिरकी नळी बाहेरून २८.६ मिलिमीटर आणि आडवी नळी २५.४ मिलिमीटर व्यासाची असते. फ्रेंच परंपरेत ही मापे अनुक्रमे २८ आणि २६ मिलिमीटर असतात. म्हणजे केवळ बाहेरील व्यास मोजल्यास फ्रेंच फ्रेम बहुधा वेगळी काढता येते.

सीटची नळी आतून मोजली असता नळीची प्रत कळते. बाहेरील व्यास २८.६ आणि वरच्या टोकाशी भिंत ०.६ मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजूंची भिंत वजा जाता आतील व्यास २७.४ मिलिमीटर राहतो आणि त्यात २७.२ मिलिमीटरचा सीटचा दांडा नीट बसतो. भिंत ०.७ असेल तर दांडा २७.० चा लागतो. भिंत १ मिलिमीटर असलेल्या साध्या नळीत २६.४ च्या आसपासचाच दांडा बसतो. मात्र २६.४ हे माप २८ मिलिमीटरच्या पातळ फ्रेंच नळीतही मिळते. म्हणून बाहेरील व्यास न पाहता दांड्याच्या मापावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. शिवाय २७.२ हे माप उत्तम इंग्रजी फ्रेममध्येही आढळते. त्यावरून नळी पातळ आहे एवढेच कळते, फ्रेमचा देश कळत नाही.

४.२ बीबीचे आटे

देश ओळखण्याचा अधिक भरवशाचा पुरावा बीबीच्या नळकांड्यात असतो. इटालियन प्रमाणानुसार हे नळकांडे ७० मिलिमीटर रुंद असते, आट्यांचा व्यास ३६ मिलिमीटर असतो आणि इंचास २४ आटे असतात. दोन्ही बाजूंचे आटे उजवे असतात. इंग्रजी प्रमाणात रुंदी ६८ मिलिमीटर, व्यास १.३७० इंच म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटर आणि आटे इंचास २४ असतात. तेथे उजव्या बाजूच्या वाटीस डावे आटे असतात.

हा फरक कागदावर लहान वाटला तरी कारागिराच्या हातात तो मोठा ठरतो. इंग्रजी फ्रेमची उजवी वाटी काढताना पाना घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. ज्या कारागिराचा हात या सवयीचा आहे, तो इटालियन फ्रेमची वाटी याच दिशेने फिरवू लागला तर ती सुटण्याऐवजी अधिक घट्ट होते. मग पान्याला लांब पाइप लावून जोर दिला जातो आणि आटे कापले जातात. फ्रेम ओळखणे आणि फ्रेम वाचविणे या दोन गोष्टी एकच कशा आहेत, हे या उदाहरणातून दिसते.

येथेही एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. इटालियन व्यास इंग्रजी व्यासापेक्षा मोठा असल्याने, इंग्रजी फ्रेमचे आटे झिजल्यास त्यात नव्याने इटालियन आटे पाडून ती दुरुस्त करण्याची पद्धत होती. अशा फ्रेमचे आटे इटालियन असले तरी नळकांड्याची रुंदी ६८ मिलिमीटरच राहते. म्हणून व्यास आणि रुंदी ही दोन्ही मापे एकत्र पाहणे अगत्याचे आहे.

४.३ धातूतील खुणा

चिकटचित्र कागदाचे असते, तर ठसा धातूत असतो. १९७० च्या दशकापासून अनेक इटालियन कार्यशाळांनी आपली चिन्हे लगवर, चिमट्याच्या माथ्यावर, सीटजवळील बारीक नळ्यांच्या टोकांवर आणि बीबीच्या नळकांड्यावर कोरण्यास किंवा आरपार कापण्यास सुरुवात केली. कोल्नागोचे किलवराचे पान आणि दे रोसाचे हृदय ही त्यांतील सुपरिचित चिन्हे होत. रंग अनेकदा काढून पुन्हा दिला तरी ही कोरीव चिन्हे बुजत नाहीत. चिमट्याचा दांडा बाहेर काढल्यास कोलंबसच्या काही नळ्यांच्या दांड्यावर कबुतराचा ठसा आणि आतील बाजूस पिळाच्या आकाराचे उंचवटे दिसतात. १९८० च्या दशकातील एस.एल.एक्स. या प्रकारात असे उंचवटे बीबीजवळ मिळणाऱ्या नळ्यांच्या टोकांतही असतात. नळकांडे मोकळे करून विजेरीच्या प्रकाशात ते पाहता येतात किंवा बोटाने चाचपता येतात.

४.४ जोडकाम

जोडकाम पाहण्यासाठी अनुभवी डोळा लागतो. लगची कड सर्वत्र सारखी घासलेली आहे का, पितळ फटीतून पूर्ण फिरले आहे का, दोन्ही बाजूंच्या नळ्या चाकापासून समान अंतरावर आहेत का, या गोष्टी कारागिराची पातळी सांगतात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रख्यात इटालियन फ्रेमचे जोडकाम नेहमीच नीटस असते असे नाही. शर्यतीच्या हंगामात घाईने घडविलेल्या कित्येक फ्रेमवर कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसतात. अतिशय गुळगुळीत, चकाकणारी फ्रेम ही अस्सलपणाची खूण नसून पुष्कळदा ती अलीकडे नव्याने रंगविली असल्याची खूण असते.

५. काळ ठरविण्याची रीत

फ्रेमचा काळ ठरविताना इतिहास-संशोधनातील पूर्वमर्यादा आणि उत्तरमर्यादा या संकल्पना उपयोगी पडतात. मिकेले दान्चेल्ली यांनी १९७० मध्ये मिलान-सानरेमो ही शर्यत जिंकल्यानंतर कोल्नागोने किलवराचे चिन्ह स्वीकारले. म्हणून धातूतच किलवर कापलेली फ्रेम त्यापूर्वीची असू शकत नाही. चिनेल्लीचा व्यवसाय १९७८ मध्ये कोलंबो घराण्याकडे गेला आणि त्यानंतर पंख असलेले नवे बोधचिन्ह वापरात आले. एखादी फ्रेम १९६० च्या दशकातील असल्याचे सांगितले जात असेल आणि तिच्यावर हे पंख असतील, तर ती नव्याने रंगविलेली आहे किंवा सांगणाऱ्याची चूक होत आहे, असे दोनच पर्याय उरतात.

मागील पट्ट्यांमधील अंतरही काळाचा निर्देश करते. मागे पाच दातेरी चकत्या असलेल्या काळात हे अंतर १२० मिलिमीटर होते. सहा-सात चकत्या आल्यावर ते १२६ आणि पुढे आठ चकत्यांच्या काळात १३० मिलिमीटर झाले. पाण्याच्या बाटलीसाठी नळीवर झाळलेल्या बोल्टजागा, ब्रेकच्या तारेसाठी झाळलेले कान आणि पुढील गिअरसाठीचा टेकू हे तपशील १९७० आणि १९८० च्या दशकांत क्रमाने वाढत गेले. परंतु पट्ट्या ताणून रुंद करता येतात आणि बोल्टजागा मागाहून झाळता येतात. म्हणून अशा खुणा असल्याने फ्रेम उशिराची ठरत नाही. उलट, मूळ रंगाखाली त्या नसतील तर फ्रेम जुनी असण्याची शक्यता वाढते.

सुट्या भागांवरील वर्षखुणा अधिक नेमक्या असतात. काम्पान्योलोच्या रेकॉर्ड प्रकारातील मागील गिअरवर १९७० च्या दशकात पेटंट या शब्दापुढे दोन अंकी वर्ष असे. हबच्या कुलूप-नटावरही असे अंक आढळतात. इंग्रजी सायकलींतील स्टर्मी-आर्चर गिअर-हबवरही वर्ष कोरलेले असते. एखाद्या सायकलीवर अशा चार-पाच भागांची वर्षे एकमेकांशी जुळत असतील, तर ते भाग मूळचे असल्याचा अंदाज बळावतो. एकच भाग विजोड असेल तर तो दुरुस्तीत बदलला असावा. पण भाग सुटे असतात आणि फ्रेम वेगळी असते, हे विसरून चालत नाही. चांगले भाग बसविल्याने सामान्य फ्रेम दुर्मीळ होत नाही.

कथा आणि वस्तू यांची परीक्षाही स्वतंत्रपणे करावी लागते. इटलीचे विजेते स्वार जिनो बार्ताली यांनी दुसऱ्या महायुद्धात छळग्रस्त ज्यूंसाठी बनावट ओळखपत्रे सायकलीच्या नळ्यांत दडवून नेल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. याड वाशेम या संस्थेने २०१३ मध्ये त्यांचा गौरव केला. तथापि या हकीकतीच्या तपशिलांबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. हकीकत कितीही हृद्य असली तरी ती कोणत्याही एका फ्रेमचा पुरावा ठरू शकत नाही. संग्राहकाला विक्रेता जी कथा सांगतो, तिलाही हाच न्याय लागू होतो.

६. संग्रहाचे स्वरूप

१९९० च्या दशकात ॲल्युमिनियम आणि पुढे कार्बन तंतूंच्या फ्रेम शर्यतीत आल्यावर पोलादी फ्रेम व्यावसायिक वापरातून मागे पडल्या. त्याच दशकात, १९९७ मध्ये, तोस्काना प्रांतातील गायोले इन क्यांती येथे लेरोइका ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. तिच्या नियमांनुसार सायकल १९८७ पूर्वीच्या बांधणीची असावी लागते, गिअरचे खटके तिरक्या नळीवर असावे लागतात, पायडलला पट्ट्यांचे क्लिप असावे लागतात आणि ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून जाव्या लागतात. या फेरीचे महत्त्व असे की, तिने जुनी सायकल भिंतीवर न टांगता रस्त्यावर ठेवली आणि तिची ओळख पटविण्याची सार्वजनिक मोजपट्टीही दिली.

महाराष्ट्रात या प्रकारचे ठळक उदाहरण पुण्यात आढळते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात, कर्वेनगर येथे, विक्रम पेंडसे यांनी आपल्या खासगी संग्रहातून उभारलेले सायकल-संग्रहालय २०१७ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्यात दुसऱ्या महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांसाठी बनविलेली बी.एस.ए. ची घडीची सायकल आहे. सायकलींबरोबरच जुन्या घरगुती वस्तूही तेथे पाहावयास मिळतात. एका व्यक्तीच्या चिकाटीतून संस्थात्मक काम कसे उभे राहू शकते, याचे हे उदाहरण आहे.

भारतात इटालियन शर्यती फ्रेम विपुल का नाहीत, याचे कारण आर्थिक इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक परवाना-नियंत्रण होते. १९९१ नंतर ते सैल होत गेले आणि उरलेले संख्यात्मक निर्बंध २००१ मध्ये उठले. दरम्यान देशात सायकल-निर्मितीचे स्वतंत्र विश्व उभे राहिले होते. मुंबईतील वरळीची हिंद सायकल्स, अंबत्तूरची टी.आय. सायकल्स (१९४९), सोनीपतची ॲटलस (१९५१), आसनसोलजवळची सेन-रॅले (१९५२) आणि लुधियानाची हिरो (१९५६) ही त्यांतील प्रमुख नावे होत. शर्यतींची परंपराही होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय सायकलपटूंनी भाग घेतला होता आणि बोरघाट चढून जाणारी मुंबई-पुणे शर्यत महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनात प्रसिद्ध आहे. परंतु घरोघरी पोहोचली ती इंग्रजी वळणाची, वजनदार, दांडीच्या ब्रेकची सायकल. ॲटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्याने ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनीच, काम थांबविले. त्यानंतर या सायकलींकडेही इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याची वेळ आली आहे, असे म्हणता येईल.

७. महाड-पोलादपूर परिसराचा संदर्भ

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके आहेत. महाडहून वरंध घाट भोरमार्गे पुण्याकडे, तर पोलादपूरहून आंबेनळी घाट सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वराकडे चढतो. ४४ दात्यांची पुढील चकती आणि १८ दात्यांचे फ्रीव्हील असलेल्या साध्या सायकलीत पायडलच्या एका फेऱ्यास चाक २.४४ वेळा फिरते. पुढे ४२ आणि मागे २४ दाते असलेल्या जुन्या शर्यती सायकलीत हाच आकडा १.७५ होतो. आंबेनळीचा चढ आणि हे दोन आकडे शेजारी ठेवले की, या भागात सायकल सपाट खोऱ्यापुरती का राहिली आणि घाटात ती हातात धरून का न्यावी लागे, हे सहज उमगते.

या परिसरात इटालियन फ्रेम सापडण्याचा संभव अल्प आहे. जे सापडू शकते ते देशी आणि इंग्रजी बनावटीचे आहे. पुढील नळीवर रॅलेचा बगळा किंवा बी.एस.ए. च्या तीन बंदुका असलेला पितळी बिल्ला, लगवरील ठसे आणि सीटच्या नळीवरील क्रमांक हे त्यांचे पुरावे होत. परीक्षणाची पद्धत मात्र तीच राहते.

येथील मोठा प्रश्न पाण्याचा आहे. २२ जुलै २०२१ रोजीच्या अतिवृष्टीत सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. अशा आपत्तीत वस्तूंचा विचार दुय्यम ठरतो आणि तो तसाच असला पाहिजे. परंतु पूर ओसरल्यावर जेव्हा घरे चिखलातून मोकळी केली जातात, तेव्हा भिजलेले कागद, फोटो आणि गंजलेली सायकल एकाच ढिगात जाते. कुटुंबाच्या दोन पिढ्यांचा व्यवसाय ज्या सायकलीवर चालला, तिचा अखेरचा हिशेब किलोच्या भावाने होतो. त्यात कोणाचा दोष नाही. त्या क्षणी तिची दुसरी किंमत सांगणारा कोणी तेथे नसतो, एवढेच.

पुरात बुडालेली पोलादी फ्रेम वाचविता येते. तिच्या नळ्या पोकळ असतात आणि जोडकामाच्या वेळी तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून त्यांना बारीक छिद्रे ठेवलेली असतात. गाळयुक्त पाणी याच छिद्रांतून व सीटच्या नळीतून आत शिरते आणि सर्वांत खालच्या बिंदूस, म्हणजे बीबीच्या नळकांड्यात, साचते. बाहेरून रंग शाबूत दिसत असतानाच फ्रेम आतून गंजू लागते. म्हणून प्रथम सीटचा दांडा, चिमटा आणि बीबीचा धुरा काढावा. नळ्या स्वच्छ पाण्याने आतून धुवाव्यात, फ्रेम फिरवून पाणी पूर्ण गाळावे, सावलीत हवेशीर जागी वाळवावी आणि नंतर आतून पातळ तेलाचा हात फिरवावा. बाहेरील मूळ रंग, बिल्ला आणि चिकटचित्रे कानशीने किंवा पॉलिश कागदाने घासू नयेत. घासून गेलेला गंज पुन्हा येऊ शकतो, घासून गेलेले नाव पुन्हा येत नाही. अशी सायकल पुन्हा चालवायची असल्यास चिमट्याच्या माथ्याशी आणि लगच्या कडांशी तडा नाही याची खात्री आधी करून घ्यावी.

८. नोंदणीची रूपरेषा

महाविद्यालयाने संग्रहालय उभारावे अशी अपेक्षा येथे नाही. त्यास जागा, निधी आणि मनुष्यबळ लागते. नोंदणी मात्र उपलब्ध साधनांत करता येते. त्यासाठी प्रत्येक सायकलीचे एक पत्रक पुरेसे आहे. त्यात पुढील बाबी असाव्यात :

१) बिल्ला, ठसे आणि क्रमांक यांची अक्षरशः नक्कल व छायाचित्र. अस्पष्ट अंकाच्या जागी अंदाजाने अंक भरू नये.
२) नळ्यांचे बाह्य व्यास, सीटच्या दांड्याचे माप, बीबीच्या नळकांड्याची रुंदी व आट्यांची जात, मागील पट्ट्यांतील अंतर.
३) सुट्या भागांची नावे व त्यांवरील वर्षखुणा.
४) रंग मूळचा की मागाहून दिलेला, याचे निरीक्षण आणि त्याचे कारण.
५) मालकाने सांगितलेली हकीकत, त्याच्याच शब्दांत. ती मापांपासून वेगळ्या रकान्यात लिहावी.
६) निष्कर्ष. तो निश्चित, संभाव्य किंवा अनिर्णित यांपैकी काय आहे, याचा स्पष्ट उल्लेख.

मापांसाठी भौतिकशास्त्र, गंजाच्या निरीक्षणासाठी रसायनशास्त्र, मौखिक हकीकतीसाठी इतिहास व मराठी आणि वापराच्या नकाशासाठी भूगोल या विभागांचे सहकार्य यात अपेक्षित आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठीही हा विषय सोयीचा आहे, कारण त्याची साधने घराच्या पडवीत सापडतात. गावातील जुन्या सायकल-कारागिरांना या कामात माहितगार म्हणून सन्मानाने सहभागी करून घेणे अत्यावश्यक आहे. वाटी, छर्रे, कॉटर, चिमटा ही परिभाषा त्यांच्याकडे आहे आणि ती सायकलींपेक्षाही वेगाने नाहीशी होत आहे.

९. समारोप

इटालियन फ्रेमच्या अभ्यासातून मिळणारा मुख्य धडा असा की, वस्तूचे नाव आणि वस्तूची ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. नाव रंगविता येते, तर ओळख अनेक स्वतंत्र पुराव्यांच्या मेळातून सिद्ध करावी लागते. एकही पुरावा स्वयंपूर्ण नसतो आणि प्रत्येक पुराव्याला अपवाद असतो. ही शिस्त हस्तलिखित तपासणाऱ्या किंवा नाणे वाचणाऱ्या अभ्यासकास नवी नाही. ती पोलादाच्या नळीलाही लावता येते, एवढेच येथे दाखविले आहे.

मिलानच्या कार्यशाळेतील फ्रेमला जगात ग्राहक आहे, म्हणून ती टिकेल. महाडच्या बाजारपेठेत दूध वाहिलेल्या किंवा पोलादपूरच्या वाडीवर टपाल नेलेल्या सायकलीला असा ग्राहक नाही. तिचे मोल ठरविण्याची जबाबदारी स्थानिक अभ्यासकावर येते. पुढील पावसाळ्यापूर्वी काही सायकलींची मापे, ठसे आणि हकीकती कागदावर आल्या, तरी या परिसराच्या सामाजिक इतिहासाचे एक साधन हाती राहील.